दिवस भरत आले की

आपल्याकडे बाळंतपणाचा हिशेब नऊ महिने नऊ दिवसांचा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायला घेतले तर तीस-तीस दिवसांचे नऊ महिने आणि वर नऊ दिवस मिळून २७९ दिवस भरतात. दवाखान्यातला हिशेब २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा. आजी-पणजीच्या तोंडचा आकडा आणि डॉक्टरांचा आकडा यांत एका दिवसाचा फरक आहे. असे असूनही ठरलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बाया शंभरात चार-पाचच निघतात. बाकीच्या थोड्या आधी किंवा थोड्या नंतर. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून पुढचे पाच आठवडे केव्हाही कळा सुरू झाल्या तरी ते बाळंतपण दिवस भरल्यावरचेच. घरात मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच तारीख असते. तिच्या भरवशावर नवरा मालाची गाडी घेऊन परजिल्ह्यात जातो, गावातल्या जीपवाल्याला सांगून ठेवलेले नसते, तपासणीचे कार्ड कुठल्या तरी पेटीच्या तळाशी असते, आणि कळा येतात त्या तारखेच्या बारा दिवस आधी, रात्री दोनला. ही पुस्तिका या पाच आठवड्यांसाठी आहे आणि त्याच्या आधीच्या महिनाभरासाठीही, कारण तयारी करायची ती त्या महिन्यात.

ती पोटुशा बाईसाठी लिहिली आहे हे खरे, पण तिच्या एकटीच्या हाती पडून भागणार नाही. आपल्या घरांत निर्णय एकटीचा नसतो. सासू, आई, नवरा, थोरली जाऊ, शेजारची चार बाळंतपणे पार पडलेली मावशी आणि गावची आशाताई या सगळ्यांनी ती वाचावी, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी. शेवटच्या आठवड्यांत काय काय होते, त्यातले नेहमीचे कोणते आणि धोक्याचे कोणते, एवढे घरातल्या दोघा-तिघांना जरी पाठ असले, तरी ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य उच्चारण्याआधी कुणी तरी थांबेल. मला या प्रस्तावनेत मुख्यतः याच वाक्याबद्दल बोलायचे आहे.

धाराशिव जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. आठ तालुक्यांचा हा जिल्हा लांबच लांब पसरलेला. परंड्याची बाई अडली की घरचे बार्शीकडे बघतात, तुळजापूरची माणसे सोलापूरकडे, उमरगा-लोहाऱ्याची लातूर नाही तर सोलापूरकडे, कळंबची अंबाजोगाई-लातूरकडे. धाराशिवला स्त्री रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. तालुक्याच्या मोठ्या गावांत उपजिल्हा रुग्णालये आहेत, त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि गावोगावची उपकेंद्रे. साधे, सरळ बाळंतपण आरोग्य केंद्रातही चांगले होते. पण सिझेरियन करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर आणि रक्त या तीन गोष्टी एका छपराखाली, रात्रीच्या वेळीही मिळतील अशी ठिकाणे मोजकी. आपल्या गावापासून असे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, तिथे पोचायला दिवसा किती वेळ लागतो आणि पावसाळ्यातल्या रात्री किती, हे आठवा महिना लागण्याआधी घरात ठाऊक असले पाहिजे. नकाशावरचे अंतर इथे कामाचे नाही. ओढ्याला पाणी आले की दहा किलोमीटरचा रस्ता पंचवीसचा होतो, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको.

या मुलखाने या बाबतीत महाराष्ट्राला शिकवलेही आहे. भूम-परंड्याच्या शिवेला लागून असलेल्या जामखेडात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा त्यांनी भर दिला तो गावातल्याच बायकांवर. फारशी शाळा न पाहिलेल्या या बायका पोटुशीला तपासायला, धोका ओळखायला आणि स्वच्छ हातांनी बाळंतपण करायला शिकल्या. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, सास्तूर आणि भोवतालची गावे ढिगाऱ्याखाली गेली. त्या आपत्तीनंतर सास्तूरला उभे राहिलेले स्पर्श रुग्णालय आज लोहारा भागातल्या बाळंतिणींचा मोठा आधार आहे. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केल्या. आशाताई सरकारी यंत्रणेत नंतर आल्या; त्यांच्या कामाचा पाया अशा बायकांनी घालून ठेवला होता. या तिन्ही कामांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: धोक्याची खूण पहिल्यांदा दिसते ती घरात, चुलीपाशी. दवाखाना कितीही चांगला असला तरी त्याला ती घरातून कुणी तरी सांगावी लागते.

आता शरीराकडे येऊ. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ साधारण अडीच किलोच्या घरात पोचलेले असते आणि पोटात त्याला लोळायला जागा उरलेली नसते. पहिलटकरणीचे पोट बहुधा शेवटच्या दोन ते चार आठवड्यांत खाली उतरते. बाळाचे डोके कटीत बसते, छातीवरचा भार हलका होतो, श्वास मोकळा येतो, दोन घास जास्त जातात. तोच भार आता लघवीच्या पिशवीवर येतो आणि रात्रीतून चार-चार वेळा उठावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पोट कधी कधी कळा सुरू झाल्यावरच उतरते, म्हणून ‘पोट उतरले नाही, म्हणजे अजून वेळ आहे’ हा अंदाज तिथे चुकतो. कंबर धरते, पायांत गोळे येतात, छातीत जळजळते, संध्याकाळी पाऊल सुजते आणि रात्री पाय उशीवर ठेवले की सकाळपर्यंत उतरते. झोप तुटक होते. पाठीवर उताणे झोपल्याने मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येतो, म्हणून कुशीवर झोपावे, शक्यतो डाव्या. हे सगळे त्रासाचे आहे, पण घाबरण्याचे नाही. ‘सगळ्याच बायांना होतं’ म्हणून तिचे बोलणे उडवून लावू नये एवढीच विनंती, कारण ज्या घरात लहान तक्रार ऐकली जात नाही त्या घरात बाई मोठी तक्रार सांगायचीही सोडून देते.

कळांविषयी सविस्तर सांगायला हवे. शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून दगडासारखे कडक होते आणि सुटते. या खोट्या कळा. त्यांना ताल नसतो. चालले, पाणी प्यायले, कूस बदलली की त्या विरतात. खऱ्या कळा कंबरेतून निघून पोटाकडे येतात, एकीपेक्षा दुसरी लांबते, दोन कळांमधले अंतर कमी होत जाते आणि चालल्याने त्या थांबत नाहीत. त्याआधी एक-दोन दिवस चिकट, रक्ताच्या तारा असलेला स्राव जातो. गर्भपिशवीचे तोंड सैल पडू लागल्याची ती खूण. शहरातल्या डॉक्टरीणबाई सांगतात, पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा. दवाखाना जवळ असणाऱ्या पहिलटकरणीसाठी हे ठीक. भूम तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरून निघायचे असेल, किंवा दुसरे-तिसरे बाळंतपण असेल, तर कळांना ताल आला की लगेच उठावे. पहिल्या खेपेला पिशवीचे तोंड पूर्ण उघडायला बारा-पंधरा तासही लागू शकतात. पुढच्या खेपेला हेच काम फार लवकर होते. गाडीत बाळंत होणाऱ्या बाया बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या असतात, आणि ‘हिला अनुभव आहे’ म्हणून त्यांनाच घरचे उशिरा काढतात.

पाणमोट कधी कधी कळांच्या आधीच फुटते. दिवस भरलेल्या शंभर बायांत आठ-दहा जणींच्या बाबतीत असे होते. कुणाचा लोंढा येतो, कुणाचे नुसते पाझरते आणि ती लघवी समजून गप्प बसते. पाणी गेले की कळा असोत-नसोत, दवाखाना गाठायचा. स्वच्छ कापड घ्यायचे, त्यावरचा रंग बघायचा. पाणी हिरवट-काळपट असेल तर बाळाने पोटात शी केली आहे. वास येत असेल तर जंतू शिरले आहेत. दोन्हीत एक तासही घालवण्यासारखा नसतो.

याहून महत्त्वाची, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित, खूण म्हणजे बाळाची हालचाल. ‘दिवस भरत आले की बाळ शांत होतं’ हे घराघरांत ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. जागा कमी पडल्याने उड्या कमी होतात, त्यांच्या जागी वळवळ, ढुशी, पोटाला आतून लागणारा कोपर जाणवतो; पण हालचालींची संख्या घटत नाही. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून हात पोटावर ठेवावा आणि मोजावे. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. यापेक्षाही सोपा निकष बाईचा स्वतःचा: रोजच्यापेक्षा आज कमी वाटते का? वाटत असेल तर गोड खाऊन वाट बघत बसू नये, उद्यावर टाकू नये. त्याच दिवशी जाऊन ठोके तपासून यावे. दहापैकी नऊ वेळा सगळे ठीक निघेल आणि घरचे म्हणतील, उगाच हेलपाटा झाला. तो हेलपाटा पत्करावा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत पोटुशा बायांची तपासणी असते. २०१६ पासूनचे हे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान. त्या दिवशी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहून बघावे. सतरंजीवर बसलेल्या बाया, हातात फुगीर झालेली कार्डे, कुणाच्या पदराआड मागचे पोर. आत सिस्टर दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणतात, मग पोटावर ठेवतात. आधी वरच्या टोकाला चाचपतात: मऊ लागले तर ढुंगण, कडक गोल लागले तर डोके. मग दोन्ही बाजू: एकीकडे सपाट पाठ, दुसरीकडे हातापायांचे उंचवटे. मग खाली. टेपने बेंबीवरून माप घेतात आणि शेवटी डॉपलरचे यंत्र पाठीच्या बाजूला टेकवतात. काही क्षण खरखर येते आणि एकदम टकटक टकटक सुरू होते, मोठ्या माणसाच्या दुप्पट वेगाने, मिनिटाला ११० ते १६०. बाकावरची सासू उठून जवळ येते. यंत्रातला हा आवाज ज्या सासूने एकदा ऐकला आहे, तिला पुढच्या तपासणीला सुनेला पाठवण्यासाठी समजूत घालावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून तपासणीला घरातल्या थोरल्या बाईला बरोबर न्यावे. नवऱ्यालाही न्यावे.

छत्तिसाव्या आठवड्यातल्या तपासणीत बाळ सरळ आहे की नाही हे पक्के कळले पाहिजे. शंभरात तीन-चार बाळे शेवटपर्यंत पायाकडून असतात. आपल्याकडे पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी दिसते म्हणतात आणि विहिरीची जागा दाखवायला त्याला बोलावतात. या दुष्काळी पट्ट्यात हे किती जिव्हाळ्याने सांगितले जाते ते ज्याने ऐकले त्यालाच कळेल. त्याची लाथ लागली की उसण जाते, असेही म्हणतात. पण पायाळू जन्मताना अंग आधी बाहेर येते आणि डोके मागे अडकू शकते. असे बाळंतपण गावात किंवा साध्या केंद्रात होऊ देऊ नये. आडवे बाळ तर कळा देऊन बाहेर येऊच शकत नाही. दोन्हींची जागा आणि तारीख आधी ठरलेली असली पाहिजे.

ज्यांच्या पिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे त्यांनी तो साधारण ३६-३७ व्या आठवड्यात काढून घ्यायचा असतो. दिवस न भरता पोट पडणाऱ्या लाखो बायांना जगभर वाचवणारा हा टाका आपल्या माणसाचा: गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी तो १९५५ मध्ये जगापुढे मांडला. मात्र सासरच्या डॉक्टरांनी घातलेला टाका माहेरी गेल्यावर विसरला जातो. तो तसाच राहून जोरात कळा आल्या तर पिशवीचे तोंड फाटते. माहेरच्या आशाताईला पहिल्याच भेटीत हे सांगावे.

माहेरचा विषय निघालाच आहे तर. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत चांगली आहे. लेक आईजवळ मोकळेपणाने रडते, खाते, झोपते. सरकारने गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत दवाखान्याच्या आवारात बाईला दिवस भरायच्या आधी येऊन राहण्यासाठी घरे बांधली, त्यांना नाव दिले ते ‘माहेरघर’. अडचण आहे ती मुहूर्ताची. सातव्यात किंवा नवव्यात न्यायचे, आठव्यात न्यायचे नाही. आणि सातवा निसटला की नवव्यात, खड्ड्यांच्या रस्त्याने, जीपच्या मागच्या बाकावर. चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या आत लेक माहेरी पोचलेली बरी. म्हणजे तिथल्या दवाखान्यात निदान दोन तपासण्या होतात. आठव्याच्या भीतीमागे ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही समजूत आहे. ती पूर्णपणे उलटी आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना आणि मेंदूला बळ देतो, आणि आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त जगते. याच कारणाने मुहूर्त बघून, ३९ आठवडे भरण्याआधी, काही वैद्यकीय गरज नसताना सिझेरियन करून घेणे चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली दिसली. त्यांतल्या पुष्कळ बायांचा जीव त्या शस्त्रक्रियेनेच वाचला असेल. पंचांगासाठी पोट उघडणे मात्र कुणाच्याच भल्याचे नाही.

तशीच आणखी एक समजूत: शेवटच्या महिन्यात बाईने कमी खावे, नाही तर बाळ मोठे होऊन अडेल. जिथे बाळांचे वजन अडीच किलोच्या खाली भरणे हेच मोठे दुखणे आहे, तिथे हा सल्ला घातक आहे. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, अंडे, दूध, जे घरात आहे ते पोटभर खावे. एकदम जात नसेल तर थोडे थोडे, पाच-सहा वेळा. लवकर सुटका व्हावी म्हणून नवव्यात एरंडेल पाजतात. त्याने जुलाब होतात, अंगातले पाणी जाते आणि बाई कळा द्यायच्या वेळी गळालेली असते. ते पाजू नये. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात पारा चाळिशीपार जातो. त्या उन्हात नवव्या महिन्यातल्या बाईने डोक्यावर हंडा घेऊन पाण्याला जाणे बंद झालेच पाहिजे, आणि तिने स्वतः पाणी भरपूर प्यायले पाहिजे.

रक्ताचे बोलू. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के पोटुशा बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. बाळंतपणात थोडे रक्त जातेच. ज्या बाईचे हिमोग्लोबिन अकरा आहे ती ते सहन करते. सातावर आलेली बाई तेवढ्याच रक्तस्रावाने जाऊ शकते. गोळ्यांनी रक्त चढायला आठवडे लागतात, म्हणून चौतिसाव्या आठवड्यात आकडा कमी दिसला तर गोळ्यांवर विसंबू नये. शिरेतून लोह देता येते, गरज पडली तर रक्त देता येते, आणि ते बाळंतपणाआधी झालेले बरे. आपला रक्तगट आणि शेवटचा हिमोग्लोबिनचा आकडा बाईला स्वतःला तोंडपाठ हवा.

आता ज्यांच्यापर्यंत पुस्तिका पोचवणे सर्वांत अवघड आहे त्यांच्याबद्दल. दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या चैत्राच्या आसपास परततात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते; बाई बसली की कोयता मोडतो आणि पैसा अंगावर राहतो. म्हणून नववा लागलेली बाईसुद्धा पहाटे फडात उतरते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, आणि रात्री कोपीत चूल पेटवते. तिला ‘विश्रांती घ्या’ असे पुस्तकातून सांगणे हा तिचा अपमान आहे. तिला सांगायचे ते असे: निघण्याआधी तारीख काढून घ्या, ती हंगामात पडत असेल तर शेवटच्या दोन महिन्यांचे काय करायचे ते मुकादमाशी उचल घेण्याआधीच बोला, नंतर नाही. कार्ड बरोबर न्या. त्यावरचा आरसीएच क्रमांक बाहेरच्या जिल्ह्यातही चालतो. अड्ड्यावर पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथली आशा आणि जवळचे आरोग्य केंद्र शोधा. आणि साखर कारखान्यांना, मुकादमांना सांगायचे ते असे की नवव्या महिन्यातल्या बाईच्या डोक्यावरची मोळी उतरवणे हे तुमचे काम आहे, तिचे नाही. ऊस तिच्याविना तुटेल.

धोक्याच्या खुणा पुढे स्वतंत्र प्रकरणात आहेत. त्यांतल्या एकीचा उल्लेख इथेच करतो. सूज पायांपुरती न राहता चेहऱ्यावर, हातांवर आली, बांगड्या रुतू लागल्या, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या आल्या, वरच्या पोटात कळ आली, तर रक्तदाब वाढलेला असण्याची दाट शक्यता असते. १४०/९० आणि त्याच्या वर गेला की ते दुखणे दवाखान्याचे. पुढची पायरी झटक्यांची. झटके आले, दातखिळी बसली की अजूनही काही घरांत ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषी बोलावला जातो, लिंबू उतरले जाते, आणि तो तास-दीड तास बाई आणि बाळ दोघांनाही महागात पडतो. हे झटके रक्तदाबाचे असतात आणि त्यांच्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आहे. देवीवर श्रद्धा असणाऱ्यांनी ती खुशाल ठेवावी. आई तुळजाभवानीची ओटी बाई सुखरूप घरी आल्यावरही भरता येते. रक्त जाऊ लागणे, ३७ आठवड्यांआधी कळा येणे, ताप, तळवे-तळपाय फार खाजणे, या खुणाही तितक्याच गंभीर. आणि कळा वाढवायचे इंजेक्शन घरी येऊन देणारा, किंवा पोटावर जोर देऊन बाळ ढकलायला सांगणारा कुणीही असो, त्याला हात लावू देऊ नये. त्याने पिशवी फाटते.

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले: जायचे ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. तिसऱ्याला सरकार जबाबदार आहे आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. दुसऱ्यासाठी १०२ आणि १०८ या गाड्या आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, नेणे-आणणे हे सगळे मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर ते बेकायदा आहेत. पहिला उशीर मात्र पूर्णपणे आपल्या घरातला. ‘यांना विचारते’, ‘मामंजी रानातून येऊ द्यात’, ‘सकाळपर्यंत बघू’. महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यूंचे प्रमाण २०१८-२० मध्ये ३३ पर्यंत खाली आले, देशात ते ९७ होते. आकडा खाली आणण्यात दवाखान्यांचा वाटा मोठा आहे. उरलेल्या मृत्यूंच्या मागे जेव्हा कुणी चौकशी करत जाते, तेव्हा बऱ्याचदा अशा एखाद्या वाक्यापाशी येऊन थांबते.

आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. पुढे १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्या वयात बाळंत होणाऱ्या मुली आजही मराठवाड्यात आहेत. कायदा अठरा वर्षांचा आहे, लग्ने त्याआधी होतात, आणि सोळा-सतरा वर्षांच्या त्या पोरीला कळ कशी असते, पाणी जाते म्हणजे काय, हे कुणी सांगितलेले नसते. तिच्या हाती ही पुस्तिका पडली तर तिने पहिली दोन प्रकरणे आणि धोक्याच्या खुणांचे पान वाचावे. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल. आणि तिला भीती वाटत असेल तर दवाखान्यात आईला किंवा एखाद्या बाईला सोबत थांबू द्या, असे तिने स्वतः म्हणावे. ‘लक्ष्य’ कार्यक्रमाखाली सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीण ठेवायला मुभा आहे.

पुस्तिकेत शास्त्र सोपे केले आहे, पण खोटे कुठे केलेले नाही. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते डॉक्टरांचे काम आहे. बाळंतपणानंतरचे पहिले दोन दिवस, पहिल्या तासात अंगावर पाजणे, चीक टाकून न देणे, एवढ्यावर ती थांबते. त्यापुढचे सगळे वेगळ्या पुस्तकात यायला हवे.

वाचणाऱ्यांना एक मागणे. पुस्तिका बंद करण्याआधी तपासणीच्या कार्डाच्या आतल्या पानावर पेनाने लिहा: रक्तगट, शेवटचे हिमोग्लोबिन, आशाताईचा फोन, १०२, १०८, गावातल्या एका गाडीवाल्याचा फोन आणि रात्री सिझेरियन होऊ शकेल अशा जवळच्या दवाखान्याचे नाव. जुन्या लुगड्याचे धुऊन उन्हात वाळवलेले तुकडे, बाळाचे टोपडे, दुपटे, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला लावा. आणि छत्तिसावा आठवडा लागला की सासूने, आईने, नवऱ्याने तिच्यासमोर एकदा स्पष्ट सांगावे: तू ‘चला’ म्हणालीस की आपण निघायचे, कुणाला विचारायचे नाही.